अल्प्राझोलामची रात्रीची गोळी चार वर्षांनी बंद करायची आहे, नेमकी कशी?

राजेंद्रनगरची सून

नमस्कार. प्रश्न सासूबाईंच्या औषधांचा आहे. वय ६८, वजन ५२ किलो. चार वर्षांपासून रोज रात्री दहाला अल्प्राझोलाम ०.५ मि.ग्रॅ. घेतात. जीव घाबरायचा, झोप लागायची नाही, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी सुरू केली होती. पुढे तीच चिठ्ठी चालत राहिली. आता विसराळूपणा वाढलाय आणि रात्री बाथरूमला जाताना दोनदा तोल गेला. गोळी घेऊनही पहाटे तीनला जाग येतेच. शिवाय दुपारी चारच्या सुमारास धडधड आणि हाताला बारीक कंप सुटतो.

गेल्या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी सकाळी एस्सिटालोप्राम (घबराट-उदासीपणावरची रोजची गोळी) ५ मि.ग्रॅ. दिली, अल्प्राझोलाम 'हळूहळू कमी करा' म्हणाले आणि सहा आठवड्यांनी बोलावलंय. हळूहळू म्हणजे किती, ते विचारायचं राहिलं.

बाकीची औषधं: बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी ओमेप्राझोल २०, आणि पोटात मुरडा येतो म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली क्लोरडायझेपॉक्साइड + क्लिडिनियम + डायसायक्लोमिनची गोळी दिवसातून दोनदा. शुगर नाही, दमा नाही.

धाकटे दीर म्हणतात, व्यसनाची गोळी आहे, उद्यापासून बंद. जाऊबाई म्हणतात, या वयात कशाला छेडायचं, चालू द्या. मेडिकलवाला आता जुन्या चिठ्ठीवर द्यायलाही तयार नाही. कुणाचं खरं मानायचं?

---

दवाबाजार_फार्मासिस्ट

ताई, दोघांचंही मानू नका. दिरांचं तर अजिबात नाही. चार वर्षं रोज घेतलेली अल्प्राझोलाम एका रात्रीत बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच झटके, म्हणजे फिट्स येऊ शकतात. याआधी कधी फिट आली नसली तरीही.

पण अल्प्राझोलामच्या आधी मुरड्याच्या गोळीकडे बघा. घरात सगळे तिला पोटाची गोळी समजत असणार. तिच्यातलं क्लोरडायझेपॉक्साइड हे अल्प्राझोलामच्याच कुळातलं, बेंझोडायझेपिन (जीव शांत करणारं, झोप आणणारं औषध) आहे. या कुळातलं बाजारात आलेलं पहिलं औषध तेच, १९६० साली. तुमच्या गोळीत ते बहुधा ५ मि.ग्रॅ. असेल, सोबत क्लिडिनियम २.५ आणि डायसायक्लोमिन १०. पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पडताळून घ्या.

हिशोब असा करतात. अल्प्राझोलाम ०.५, क्लोनाझेपाम ०.५, लोराझेपाम १ आणि क्लोरडायझेपॉक्साइड २५ मि.ग्रॅ. यांतली प्रत्येक मात्रा ढोबळमानाने डायझेपाम १० मि.ग्रॅ.च्या बरोबरीची. म्हणजे सासूबाईंच्या पोटात रोज १० अल्प्राझोलाममधून आणि ४ मुरड्याच्या गोळ्यांमधून, असं १४ मि.ग्रॅ. डायझेपामइतकं जातंय. मनोविकारतज्ज्ञांना ही दुसरी गोळी दाखवली होती का? नसेल तर त्यांनी १० च्या हिशोबाने सांगितलं असणार. उलटंही होतं. पोट बरं वाटलं म्हणून घरच्यांनी मुरड्याची गोळी आपल्या मनाने बंद केली आणि नेमक्या त्याच आठवड्यात अल्प्राझोलामही कमी केली, की सगळं अंगावर येतं आणि कारण कुणालाच कळत नाही.

क्लिडिनियम आणि डायसायक्लोमिन आतड्याची हालचाल मंदावतात, तसंच तोंड कोरडं पाडतात, बद्धकोष्ठ करतात, लघवी अडवतात. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात गोंधळही उडवतात. विसराळूपणाचा सगळा दोष अल्प्राझोलामवर टाकू नका.

आता मेडिकलवाल्याचं. तो अडवणूक करत नाहीये. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोलपिडेम ही सगळी शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक सरकारी यादीत येतात. मार्च २०१४ पासून हा नियम आहे. विकताना डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. तुमच्या हाती फायद्याचं म्हणजे, नव्या चिठ्ठीवर मात्रा, रोज किती आणि किती दिवस हे तिन्ही लिहून घ्या. कमी करायचं वेळापत्रकही त्याच कागदावर मागा. 'हळूहळू कमी करा' एवढ्या तीन शब्दांवर ०.२५ च्या किती गोळ्या द्यायच्या ते आम्हालाही कळत नाही.

---

मानसोपचार_एमडी

फार्मासिस्ट साहेबांनी मुरड्याची गोळी पकडली ते फार महत्त्वाचं. मी पेशंटला तपासलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवण्यासाठी आहे. त्यावरून परस्पर गोळ्या बदलू नका. सहा आठवडे थांबूही नका. तोल जातोय आणि एक गोळी सांगायची राहिली, एवढं कारण लवकर भेटायला पुरेसं आहे. तिथली वेळ मिळत नसेल तर इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत किंवा बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून घेऊन जा.

आधी दुपारी चारची धडधड. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सरासरी ११ तास लागतात, वयस्कर माणसात साधारण १६. रात्री दहाची गोळी दुपारी चारपर्यंत निम्म्याखाली येते. चार वर्षांत मेंदूला त्या पातळीची सवय झालेली असते, त्यामुळे ती उतरली की कंप, धडधड, बेचैनी. घरच्यांना वाटतं आजार वाढला, मग कुणीतरी दुपारची अर्धी गोळी सुरू करतं. ती करू नका.

हे घडतं कसं? मेंदूत गाबा नावाचा शांतवणारा संदेशवाहक आहे. बेंझोडायझेपिन त्याच्या ग्राहकाला, म्हणजे पेशीवर गाबाचा संदेश झेलणाऱ्या रेणूला, चिकटतं आणि गाबाचा परिणाम वाढवतं, म्हणून अर्ध्या तासात जीव खाली बसतो. रोज बाहेरून एवढी मदत मिळाली की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करतो. आठवड्यांतच झोपेवरचा परिणाम ओसरायला लागतो, पण गोळी काढली तर ढिला ब्रेक उघडा पडतो. स्मृतीवरचा आणि तोलावरचा परिणाम मात्र ओसरत नाही, वयाबरोबर वाढतो. म्हणून ६५ च्या पुढे हे औषध टाळावं असं वृद्धांच्या औषधांबद्दलचे निकष सांगतात. जाऊबाईंच्या 'चालू द्या'ला माझं उत्तर तेच. मांडीचं हाड मोडलं तर ती किंमत फार मोठी.

याचा अर्थ औषध वाईट आहे असा नाही. तीव्र पॅनिकमध्ये एस्सिटालोप्रामसारखं औषध लागू पडेपर्यंतचे दोन-चार आठवडे निभावायला, दारू सोडताना येणारे झटके आणि भ्रम टाळायला, चालू असलेली फिट थांबवायला, एमआरआयच्या बोगद्यात जीव गुदमरणाऱ्याला एखाददा, याइतकं भरवशाचं दुसरं काही मिळणं अवघड. बिघाड होतो तो सुरू करताना शेवटची तारीख न लिहिल्यामुळे. दोन आठवड्यांची गोळी चार वर्षं चालते ती कुणी ठरवून चालवत नाही, थांबवायचं कुणी ठरवलेलं नसतं एवढंच.

आता क्रम. एस्सिटालोप्राम नुकती सुरू झाली आहे. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, पातळ शौच, कधीकधी उलट जास्त घबराट होते. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण दिसायला सहा ते आठ. याच काळात अल्प्राझोलामही कमी केली तर नवीन औषधाचा त्रास कुठला आणि जुनं सुटण्याचा कुठला, हे सांगता येत नाही. तिसरी भानगड सोडियमची. एस्सिटालोप्राम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड दोन्ही रक्तातलं सोडियम खाली आणतात आणि वयस्कर बाईमध्ये हा धोका सगळ्यात जास्त. सोडियम उतरलं की गोंधळ, मळमळ, तोल जाणं, फार उतरलं तर फिट. म्हणजे तिन्ही गोष्टी दिसायला सारख्याच! त्यामुळे सोडियम आज एकदा आणि दोन आठवड्यांनी परत तपासा. १३५ ते १४५ नॉर्मल. १३० च्या खाली गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सोबत ईसीजी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि हिमोग्लोबिन एकदा होऊ द्या. थायरॉइड वाढलेलं असलं तरी हात कापतात आणि धडधडतं.

माझ्या हातात असतं तर पहिले चार ते सहा आठवडे दोन्ही बेंझोडायझेपिन आहेत तिथेच, ठरल्या वेळेला ठेवली असती. मग मुरड्याची गोळी दोनाची एक करून दोन ते चार आठवडे, आणि पुढे बंद. एकूण १४ मधले २ कमी होतात, म्हणजे साधारण १४ टक्के. क्लोरडायझेपॉक्साइड शरीरातून सावकाश जातं, म्हणून ही पायरी सहसा सोपी जाते. मुरडा आलाच तर बेंझोडायझेपिन नसलेलं मेबेव्हेरिनसारखं औषध विचारा.

त्यानंतर अल्प्राझोलाम. सध्याचा सल्ला असा की दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के कमी करून बघा आणि कुठल्याही दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. ०.२५ च्या गोळीचे चार तुकडे केले तर एक तुकडा ०.०६२५. आजचं ०.५ म्हणजे असे आठ तुकडे. आठाचे सात, साताचे सहा, असं उतरायचं. पहिली पायरी साडेबारा टक्क्यांची पडते, ती पेलते. पण खाली येताना गंमत बघा: चाराचे तीन म्हणजे २५ टक्के, दोनाचा एक म्हणजे ५०. तुकडा तेवढाच, धक्का मोठा. बहुतेक लोक अडकतात ते इथे, सुरुवातीला नाही. तीन तुकड्यांपाशी आल्यावर डॉक्टर सहसा दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधावर वळवतात किंवा पायऱ्या आणखी बारीक करतात. डायझेपाम २ मि.ग्रॅ.मध्ये मिळते, अर्धी करता येते. पण म्हाताऱ्या शरीरात ती साठत जाते, त्यामुळे लिव्हर आणि तोल बघूनच. एकंदर सहा ते आठ महिने धरून चाला. दसऱ्याला सुरू केलं तर दिवाळीला संपेल अशी आशा ठेवू नका.

एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच थांबा, दोन आठवडे जादा घ्या. वर परत चढू नका, फारच झालं तर डॉक्टरांना विचारून एक पायरी. 'एक दिवसाआड गोळी' हा प्रकार मात्र करायचा नाही. अल्प्राझोलाममध्ये त्याचा अर्थ एक रात्र भरलेली, एक रात्र रिकामी, आणि रिकाम्या रात्री झटक्याचा धोका.

थेट १०८ बोलवायचं ते फिट आली तर, उठवून उठत नसतील, श्वास मंद वाटत असेल, समोर नसलेलं दिसत असेल किंवा तापासह बडबड सुरू झाली तर.

---

राजेंद्रनगरची सून

खूप आभार. मुरड्याची गोळी मी खरंच दाखवली नव्हती. उद्याच ओपीडीत नेते. दोन शंका आहेत. नेहमीच्या आजारपणात दुसरे डॉक्टर औषधं देतील तेव्हा काय सांभाळायचं? आणि शेजारच्या काकू म्हणतात, अश्वगंधा सुरू करा, गोळी आपोआप सुटेल. द्यावी का?

---

मानसोपचार_एमडी

अश्वगंधा नको. तीही थोडी गुंगी आणते, थायरॉइडचे आकडे हलवते, आणि तिच्यामुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गोळी सुटायच्या काळात नवीन काहीच सुरू करू नये.

दुसऱ्या औषधांत सगळ्यात घातक म्हणजे अफूवर्गीय वेदनाशामकं. गुडघा-कंबरेसाठी ट्रामाडॉल सर्रास लिहिली जाते. बेंझोडायझेपिनसोबत ती श्वास मंदावते आणि एस्सिटालोप्रामसोबत मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाजवीपेक्षा वाढवते, म्हणजे सासूबाईंना दोन्ही बाजूंनी नकोच. कोडीनचं खोकल्याचं औषधही त्यातच. नुसत्या बेंझोडायझेपिनच्या जादा मात्रेने माणूस सहसा दगावत नाही, दारू किंवा अफूवर्गीय औषध सोबत असलं की दगावतो. महाशिवरात्रीचा भांगेचा प्रसादही सासूबाईंना देऊ नका. भांग गुंगीत भर घालते आणि घाबरणाऱ्या माणसाला तिच्यातूनच पॅनिक येतो.

दुसरी जोडी त्वचेच्या डॉक्टरकडची. गजकर्णासाठी दिली जाणारी इट्राकोनाझोल लिव्हरमधलं अल्प्राझोलाम मोडणारं एन्झाइम अडवते. अल्प्राझोलाम रक्तात साठते आणि माणूस दिवसभर पेंगतो. या दोन औषधांना एकत्र मनाई आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिनही थोडंफार तेच करतात. क्षयाचं रिफाम्पिसिन बरोबर उलटं: औषध लवकर मोडतं आणि गोळी न सोडताच सुटल्याचा त्रास होतो.

ब्रुफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन एस्सिटालोप्रामसोबत घेतली तर पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल ५०० पुरे. आणि ओमेप्राझोलमुळे रक्तातली एस्सिटालोप्राम चढते. आज ५ वर आहात, चालेल. या वयात तिची कमाल मात्रा १०, तिथे जायची वेळ आली तर पॅन्टोप्राझोलवर वळता येईल का ते विचारा.

---

दवाबाजार_फार्मासिस्ट

एक भर. पुढे कुणी 'दोन गोळ्या कशाला, एकच घ्या' म्हणून एस्सिटालोप्राम १० + क्लोनाझेपाम ०.५ ची जोडगोळी लिहून दिली तर विचारल्याशिवाय घेऊ नका. आपल्याकडे ती फार खपते. पण तिच्यात एस्सिटालोप्राम वाढवली की क्लोनाझेपाम आपोआप दुप्पट, आणि बरं वाटलं म्हणून बंद केली की दोन्ही एकदम बंद. एस्सिटालोप्राम बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर चालवायची असते, क्लोनाझेपाम काही आठवड्यांची. ज्यांची मुदत वेगळी त्यांना एका गोळीत कशाला बांधायचं, हे मला आजवर कळलेलं नाही.

---

चिकित्सामानस_ग्वाल्हेर

मी समुपदेशनाच्या बाजूने लिहिते, कारण गोळी कमी होताना जी झोप जाते तिच्यापाशीच घरचे हार मानतात.

आधी झोपेचे तास मोजा. सासूबाई किती वाजता आडव्या होतात? साडेनऊला पडून तीनला जाग म्हणजे साडेपाच तास झाले, आणि दुपारची वामकुक्षी तासभर असेल तर साडेसहा. ६८ व्या वर्षी हे फार वाईट नाही. ज्याला घरात निद्रानाश म्हणतात ते पुष्कळदा लवकर झोपणं असतं. झोपायची वेळ दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ढकलून साडेदहा-अकरापर्यंत न्या. उठायची वेळ ठरलेली, समजा साडेपाच, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप तीनच्या आत, वीस-पंचवीस मिनिटं. चहा दुपारी दोननंतर नाही. इंदुरात संध्याकाळचा चहा सोडणं म्हणजे नातेवाईक तोडणं आहे, तरी सांगते. मध्यरात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून खुर्चीत बसावं, मंद उजेडात जप, वाती वळणं, काहीही संथ, आणि पेंग आली की परत अंथरुणात. घड्याळ नजरेआड. त्यांचा तोल जातो, म्हणून हा भाग करताना पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत रात्रदिवा, सुटं पायपुसणं काढलेलं आणि भिंतीला धरायला दांडा असल्याशिवाय उठवू नका. उठताना आधी मिनिटभर कडेला बसायचं. बीपीची गोळीही उभं राहताना दाब उतरवते.

दुपारच्या धडधडीसाठी श्वास: नाकाने चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, मिनिटाला सहा, पाच मिनिटं. खोल श्वास घ्यायला सांगू नका. घाबरलेला माणूस आधीच जास्त श्वास घेत असतो, त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि तो आणखी घाबरतो. हळू बाहेर सोडणं हेच काम. आणि हे त्रास नसताना रोज दोनदा करून ठेवायचं. ऐन घबराटीत पहिल्यांदा शिकता येत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. बऱ्याच लोकांच्या बटव्यात एक गोळी 'असू द्या' म्हणून असते. ती घेतली नाही तरी तिचं काम चालू असतं: लग्नात गेले, काही झालं नाही, कारण गोळी जवळ होती, असं मन शिकतं. भीतीवरचे उपचार म्हणजे सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं समुपदेशन), साधारण १२ ते १६ बैठका, त्यात मन उलटं शिकावं लागतं: धडधडलं, गोळी नव्हती, आणि तरी ते आपोआप ओसरलं. ऐन वेळी बेंझोडायझेपिन घेतली तर हे शिकणं कच्चं राहतं. त्यामुळे बैठका आणि गोळी कमी करणं यांचं वेळापत्रक दोघांनी, म्हणजे डॉक्टर आणि समुपदेशकाने, एकत्र बसून ठरवावं. रात्रीबेरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, फुकट. मराठीतही बोलता येतं.

---

रेसिडेन्सीचा_उमेदवार

मध्येच विचारतो, माफ करा. एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची) मुलाखत तीन आठवड्यांवर आहे. हात थरथरतात, आवाज कापतो. एक मित्र क्लोनाझेपाम ०.२५ जिभेवर विरघळणारी घे म्हणतो, दुसरा प्रोप्रानोलॉल. डॉक्टरकडे जायच्या आधी समजून घ्यायचंय. वय २७.

---

मानसोपचार_एमडी

क्लोनाझेपाम मुलाखतीसाठी चुकीची. थरथर जाईल, पण आठवण्याचा वेग आणि तरतरीही जाईल, आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत अंगात राहते. मित्राच्या स्ट्रिपमधली तर मुळीच नको.

प्रोप्रानोलॉल चिंता घालवत नाही. ती ॲड्रिनलिनचं शरीरातलं काम अडवते, म्हणून कंप, धडधड आणि कापरा आवाज कमी होतो आणि डोकं जागं राहतं. डॉक्टर सहसा १० ते २० मि.ग्रॅ. मुलाखतीच्या तासभर आधी देतात, गरज पडली तर ४०. पहिली गोळी मुलाखतीच्या दिवशी घ्यायची नाही. आठवडाभर आधी एका मोकळ्या दिवशी १० घेऊन बघा, नाडी मोजा. गरगरलं किंवा नाडी ५० च्या जवळ गेली तर ती तुमच्यासाठी नाही. चार-सहा तासांत असर उतरतो.

दमा असेल, लहानपणी असेल तरीही, घेऊ नका. श्वासनळ्या आवळतात. मूळची नाडी ६० च्या खाली, हार्ट ब्लॉक, किंवा शुगरसाठी इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. शुगर उतरल्याची धडधड आणि कंप ती झाकून टाकते. घाम तेवढा येतो, तोच इशारा. आणि 'साधी बीपीची गोळी' समजून मूठभर घेण्याची चीज नाही, जादा मात्रेत हृदय बंद पडतं.

धडधड मुलाखतीपुरती नसून रोजची असेल तर तो वेगळा प्रश्न. तेव्हा प्रोप्रानोलॉलवर भागवू नका.

---

राजेंद्रनगरची सून

ओपीडीत जाऊन आलो. सोडियम १३३ आलं, ईसीजी ठीक. बीपीच्या गोळीतला हायड्रोक्लोरोथायझाइड काढून नुसती टेल्मिसार्टन ठेवलीय, बीपी रोज लिहून आणायला सांगितलं. सोडियम दहा दिवसांनी परत. अल्प्राझोलाम पाच आठवडे आहे तशीच, मग मुरड्याची गोळी आधी कमी. वेळापत्रक चिठ्ठीवर लिहून घेतलं. आता एकच, तुकडे कसे करायचे? ०.२५ ची गोळी एवढीशी असते.

---

दवाबाजार_फार्मासिस्ट

१३३ वर पकडलंत, छान झालं.

तुकड्यांसाठी गोळी कापायची प्लास्टिकची डबी मिळते, पातं आणि मधे खाच असलेली. सुरीने उडते आणि चुरा होतो. मधली रेघ असलेला ब्रँड घ्या आणि उतरण संपेपर्यंत तोच ठेवा. औषध तेच असलं तरी दुसऱ्या कंपनीची गोळी लहान-मोठी निघाली की तुकड्याचा अंदाज चुकतो. नावापुढे एसआर लिहिलेली गोळी कापायची नाही, ती सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली असते आणि कापली की सगळं औषध एकदम सुटतं. जिभेवर विरघळणारी, एमडी लिहिलेली, पाव करताना भुगा होते, म्हणून तीही नको.

चार तुकडे अगदी सारखे होणार नाहीत. चिंता करू नका, पण एका गोळीचे चारही तुकडे लागोपाठ वापरा म्हणजे चार दिवसांचा हिशोब जुळतो. एका वेळी दोन-तीनच गोळ्या कापा, पावसाळ्यात उघडे तुकडे ओल धरतात. झाकणाच्या छोट्या डबीत, अंधाऱ्या कप्प्यात, नातवंडांच्या हाताबाहेर ठेवा.

रोजच्या तुकड्यांसाठी वारांची सात कप्प्यांची डबी घ्या आणि रविवारी तुम्ही स्वतः भरा. सासूबाईंकडे अख्खी स्ट्रिप देऊ नका. विसरल्यामुळे दुसऱ्यांदा घेतली जाते, ते जास्त होतं. जुनी ०.५ ची स्ट्रिप उरली असेल तर कपाटात राखून ठेवू नका, पुढच्या भेटीला घेऊन जा आणि ओपीडीच्या फार्मसीत विचारून नष्ट करायला द्या. आणि चिठ्ठीवर ०.५ लिहिताना आधीचं शून्य आणि टिंब ठळक आहे ना ते बघा. एकाच कागदावर अल्प्राझोलाम ०.५ आणि एस्सिटालोप्राम ५ आहे, घाईत टिंब दिसत नाही.